जीवघेणी फूड अ‍ॅलर्जी आणि परदेशाचं विमान: या चुका टाळा

बेळगावातून कुणी परदेशी निघालं की शेंगदाण्याची शेंगाचटणी, दुधाचा कुंदा आणि सुक्यामेव्याचा गोकाकचा करदंट आलाच. घरात कुणाला शेंगदाण्याची, काजूची किंवा दुधाची जीवघेणी अ‍ॅलर्जी असली तरी डबे येतात, कारण नको म्हटलं तर आत्याला वाईट वाटतं. वाटू दे. ते डबे त्या माणसाच्या बॅगेत जाता कामा नयेत. मी इथे तिकिटांचं आणि व्हिसाचं काम करते, आणि त्याच त्या चुका बघून आता जीव कातावला आहे.

सर्वांत वाईट चूक म्हणजे अ‍ॅलर्जीचा जीवघेणा झटका आला की टोचायचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन चेक-इनच्या बॅगेत टाकणं. "सिक्युरिटीत काढून घेतील की ओ," हे कारण ठरलेलं. डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन सोबत असेल तर अ‍ॅड्रेनालिन आणि सिरिंज केबिनमध्ये नेता येते.

शहापूरचं एक कुटुंब मुलीला घेऊन मुंबईमार्गे लंडनला निघालं होतं. मुलीला काजूची अ‍ॅलर्जी. तिकीट मामानं मोबाईलवर पाच मिनिटांत काढलेलं आणि जेवणात 'जैन' निवडलेलं. जैन म्हणजे शुद्ध, मग काळजी कसली, असा हिशेब. जैन जेवणात कांदा, लसूण, बटाटा नसतो; पण रस्सा दाट व्हायला काहीतरी लागतंच, आणि ते बहुतेक वेळा काजूची पेस्ट असते. मी सांगितलं, "बदलून घ्या." "घेतो" म्हणाले आणि राहून गेलं.

विमानात पनीरचा एक घास पोटात गेला. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. इंजेक्शन खाली सामानात. आईनं सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची साधी गोळी दिली आणि बघत बसली. नशीब, दोन रांगा मागे एक डॉक्टर बाई होत्या आणि विमानाच्या औषधपेटीत अ‍ॅड्रेनालिन होतं. पोरगी वाचली. प्रत्येक विमानात डॉक्टर असेलच असं नाही.

सेट्रिझिननं खाज कमी होते. घशाची सूज आणि उतरणारं ब्लडप्रेशर या गोळीला थांबवता येत नाही. त्यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. म्हणून दोन डोस लागतातच. माणसाला आडवं करून पाय वर घ्यावेत. धाप लागत असेल तर पाय पसरून बसवावं. उभं करायचं नाही, चालवत टॉयलेटला न्यायचं नाही.

मी सगळ्यांना कमरेचा पाऊच घ्यायला लावते. दोन्ही डोस, इंग्रजीतलं पत्र आणि डोस लिहिलेलं कार्ड त्यातच. वरच्या लॉकरमध्ये नाही, अंगावर. आपल्याकडे आपोआप टोचणारं पेन साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, डॉक्टर बहुधा अँप्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज देतात. हात थरथरत असताना अँप्यूलची मान मोडणं सोपं नाही. डॉक्टरांसमोर सलाइनच्या अँप्यूलवर सराव करा, आणि बरोबर जाणाऱ्या प्रत्येकानं करा. "यूट्यूबवर बघितलंय" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि गोव्याहून विमान असेल तर चोर्ला घाटातून जाताना पाऊच गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हानं औषध खराब होतं.

इंजेक्शन आहे म्हणून काहीही खावं असंही नाही. २०१६ मध्ये लंडनहून नीसला निघालेल्या १५ वर्षांच्या नताशा एडनान-लापेरूजनं विमानतळावर घेतलेला सँडविच खाल्ला. तीळ पावाच्या पिठातच होते, वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. दोन इंजेक्शनं देऊनही ती वाचली नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या पदार्थांवर सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं. दुसऱ्या देशात तुमच्या हातात येणाऱ्या पुडीवर तसं असेलच असं नाही.

म्हणून घरचा डबा. चपाती आणि सुकी भाजी, दाण्याचं कूट न घालता, धुतलेल्या वेगळ्या कढईत केलेली. चुरमुरे नेणार असाल तर चिवड्यातले वेचून काढलेले नकोत, नुसते कोरे घ्या.

विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. चेक-इनला पुन्हा सांगा, विमानात शिरताना क्रूला पुन्हा सांगा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर दोघांनाही फोन करा, नोंद आपोआप पुढे जाईल या भरवशावर राहू नका. 'नट-फ्री' विमानाची हमी कुणी देत नाही.

सॅनिटायझरनं शेंगदाण्याचा अंश निघत नाही. हात साबणानं धुवा. ट्रे आणि हातटेकू ओल्या वाइप्सनं पुसा. लोक हवेतल्या दाण्यांना घाबरतात, पण खरी भीती ट्रेवरून बोटाला आणि बोटावरून तोंडात जाणाऱ्या कणांची असते.

डबा उतरण्याआधी संपवा. उरलंच तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत फॉर्मवर तसं लिहा आणि अधिकाऱ्याला दाखवा. लपवून नेलं तर दंड होतो.