पुरुषांची छाती आणि पोट: ऑपरेशनआधी बोटांनी काय तपासायचं आणि बिलात काय वाचायचं

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात मी ब्रदर आहे. ड्रेसिंग करणं, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर नेणारी नळी) काढणं, सूज दाबून ठेवणारं प्रेशर जॅकेट चढवणं आणि घरी जाताना सूचना देणं ही माझी कामं. छातीसाठी आलेला पुरुष लांबूनच कळतो. खांदे पुढे झुकलेले, शर्ट एक साइज मोठा, बॅग पोटाशी धरलेली. काय होतंय विचारलं की आधी पाठदुखी सांगतो, मग वजन, आणि डॉक्टर उठायला लागले की छाती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात पहिली अपॉइंटमेंट वाया जाते. म्हणून बेडशेजारी उभं राहून जे तुकड्यातुकड्याने सांगतो, ते इथे सलग लिहितोय. कापाकापी माझ्या हातची नाही, पण त्यानंतरचे आठवडे रोज माझ्या डोळ्यांसमोर असतात.

आधी बोटं, मग आरसा

उताणे झोपा. अंगठा आणि तर्जनी निपलभोवतीच्या गडद वर्तुळाच्या दोन बाजूंना ठेवा आणि हळूहळू मध्याकडे आणा. ग्लँड, म्हणजे स्तनाची ग्रंथी, वाढलेली असेल तर निपलच्या बरोबर खाली घट्ट, रबरी, थोडी सरकणारी चकती बोटांत अडते. नुसती चरबी असेल तर बोटं कुठेही न अडता जवळ येतात. पहिल्याला गायनेकोमास्टिया म्हणतात, दुसऱ्याला स्यूडोगायनेकोमास्टिया. बऱ्याच जणांत मधे चकती आणि भोवती चरबी असं दोन्ही सापडतं.

आता उभे राहा आणि कमरेत थोडे वाका. कातडी लोंबते का, छातीखाली घडी पडते का, ते बघा. बरंच वजन उतरवलेल्या माणसात चरबी गेलेली असते, पिशवी मागे राहिलेली असते.

पोटाचीही अशीच परीक्षा घ्या. पोट टणक आणि पुढे आलेलं असेल, पण चिमटीत येणारा थर पातळ असेल, तर चरबी आतड्यांभोवती आहे. तिथे लायपोसक्शनची, म्हणजे चरबी ओढून काढायची, नळी जात नाही, जाऊही नये. हे ऐकून नाराज होणारे पुरुष खूप आहेत, पण त्या चरबीला आहार, व्यायाम आणि वजन उतरवणं हाच रस्ता. चिमटीत जाड थर आला तर तो कातडीखालचा, आणि तोच ओढून काढता येतो.

चकती, चरबी, कातडी आणि स्नायू या चौघांपैकी कोण जास्त आणि कोण कमी, एवढं एकदा कळलं की कोणतं ऑपरेशन, किती मोठा व्रण आणि किती खर्च हे तिन्ही प्रश्न आपोआप सुटायला लागतात. ते न कळता भाव विचारत फिरलात, तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा ऐकाल आणि सगळे खरे वाटतील.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. गाठ दगडासारखी कडक असेल, निपलच्या मध्यावर नसून एका बाजूला असेल, कातडीला खळी पडत असेल, निपल आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या. स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण १ टक्का पुरुषांत होतो. प्रमाण कमी आहे, पण पुरुष उशिरा येतात.

कारण सापडलं तर ऑपरेशन टळूही शकतं

वयात येताना मुलांची छाती थोडी वाढते, हॉर्मोन्सचं पारडं काही काळ कलतं म्हणून. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपसूक बसते. सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या वडिलांना सर्जन थांबायला सांगतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात.

मोठ्या वयात औषधांची यादी काढा. स्पायरोनोलॅक्टोन, सिमेटिडीन, कीटोकोनॅझोल, केसांसाठी किंवा प्रोस्टेटसाठी घेतलेलं फिनास्टेराइड, प्रोस्टेट कॅन्सरवरचं बायकॅल्युटामाइड, या सगळ्यांनी ग्लँड वाढू शकते. जिममधली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्सही त्यातच. शरीर जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, म्हणजे दंड फुगतात तशी चकतीही. डॉक्टरांना हे सांगताना लाजू नका. इंजेक्शन चालू ठेवून ऑपरेशन केलं तर मागे राहिलेली ग्लँड पुन्हा वाढू शकते. लिव्हर, किडनी, थायरॉइड, अंडकोषातली गाठ, क्लाइनफेल्टर सिंड्रोम हीसुद्धा कारणं असतात. म्हणून टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल, एलएच, प्रोलॅक्टिन, एचसीजी, थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या सांगतात, अंडकोषही तपासतात. एचसीजी हे गरोदरपणाचं हॉर्मोन म्हणून लोक हसतात, पण पुरुषात ते वाढलेलं दिसलं तर अंडकोषाच्या ट्यूमरचा शोध घ्यावा लागतो.

वाढ नवी आणि दुखरी असेल तर काही डॉक्टर टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) देऊन बघतात. जुन्या, घट्ट झालेल्या चकतीवर गोळ्या फारशा चालत नाहीत.

कोणासाठी कोणतं ऑपरेशन

१९७३ साली सायमन आणि सहकाऱ्यांनी केलेली गायनेकोमास्टियाची प्रतवारी आजही फाइलवर लिहिलेली दिसते. ग्रेड १ म्हणजे लहान वाढ, २ए म्हणजे मध्यम वाढ पण जादा कातडी नाही, २बी म्हणजे मध्यम वाढ आणि थोडी जादा कातडी, ३ म्हणजे मोठी वाढ आणि भरपूर कातडी. आपला ग्रेड विचारून घ्या. तुमच्या केसचा सगळ्यात छोटा सारांश तोच.

नुसती चरबी असेल तर लायपोसक्शन. सलाइनमध्ये लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन मिसळून ते चरबीत भरतात, त्याने रक्त कमी जातं आणि भाग बधिर होतो. मग काही मिलिमीटरच्या छेदातून कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, घालून चरबी ओढतात. चकती असेल तर ती बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते. त्यासाठी निपलच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेतात. अमेरिकन सर्जन जेरोम वेबस्टर यांनी १९४६ मध्ये वर्णन केलेला हा छेद अजून वापरात आहे, कारण गडद आणि फिकट कातडीच्या सीमेवर व्रण लपून जातो.

इथे एक बारकावा आहे, तो पेशंटना समजत नाही. "सगळी गाठ काढा, तिळाएवढीही ठेवू नका" असा आग्रह धरतात. सर्जन निपलखाली साधारण एक सेंटिमीटरचा थर मुद्दाम ठेवतात. तो ठेवला नाही तर निपल आत बसतं, छातीवर बशीसारखा खड्डा पडतो, आणि तो भरणं हे मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड काम. ड्रेसिंग सोडल्यावर निपलखाली थोडं जाड लागलं तर घाबरू नका.

ग्रेड ३ मध्ये कातडी कापावीच लागते. व्रण मोठा राहतो, आणि कधी निपल सुटं करून नव्या जागी कलम करावं लागतं, तेव्हा तिथली संवेदना बरीचशी जाते. "व्रणाशिवाय ग्रेड ३" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर बाहेर पडा.

ज्यांना छाती कमी वाटते त्यांच्यासाठी पेक्टोरल इम्प्लांट असतं. ते स्त्रियांच्या इम्प्लांटसारखं जेल भरलेलं नसतं, घन पण लवचिक सिलिकॉनचं असतं आणि छातीच्या स्नायूखाली बसवतात. ते सरकू शकतं, भोवती पाणी साचू शकतं. जन्मतः एका बाजूचा स्नायूच नसलेल्या पोलंड सिंड्रोममध्ये त्याचा खरा उपयोग. व्यायामाचा कंटाळा म्हणून ते घालणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

पोटावर कातडी लोंबत असेल तर अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, म्हणजे खालची जादा कातडी काढून, सैल पडलेले स्नायू मधोमध शिवून घेणं. लोंबणं पाठीपर्यंत असेल तर कमरेभोवती पूर्ण फेरा घ्यावा लागतो. तो मोठा मामला आहे. वजन काही महिने स्थिर राहिल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. राहिली सिक्स पॅक कोरण्याची गोष्ट. त्यात चरबी कमीजास्त काढून स्नायूंच्या रेघा दाखवतात. पुढे वजन वाढलं की त्या रेघा विचित्र दिसतात.

खर्चाचा कागद कसा वाचायचा

खर्च मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: टेबलावर किती वेळ लागणार आणि भूल कोणती. त्यामुळे लहान लायपोसक्शन किंवा छोटी ग्लँड जागच्या भुलेत काढणं सगळ्यात स्वस्त. पूर्ण भुलेत लायपोसक्शन आणि ग्लँड दोन्ही हे त्याच्या वर, कातडी कापणं त्याहून वर. इम्प्लांटमध्ये वस्तूची किंमत वेगळी चढते. आणि कमरेच्या फेऱ्यात तास, माणसं, मुक्काम सगळंच वाढतं.

एकच गोळाबेरीज आकडा ऐकून घरी येऊ नका. कागदावर सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, मुक्काम आणि औषधं वेगवेगळी मागा. मग पॅकेजात जे बहुधा नसतं ते विचारा: आधीच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी, प्रेशर जॅकेट, काढलेल्या ग्लँडची पॅथॉलॉजी, नंतरची ड्रेसिंग, व्रणासाठी सिलिकॉन जेल. जॅकेट दोन घ्या. एक धुवायला टाकल्यावर दुसरं अंगावर हवं, नाहीतर ते वाळेपर्यंत सूज वाढवून बसाल. पॅथॉलॉजीचे पैसे वाचवू नका, काढलेला तुकडा तपासायला जायलाच हवा.

सगळ्यात महत्त्वाचे दोन प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. रात्री रक्त साचलं आणि परत टेबलावर घ्यावं लागलं तर तो खर्च कुणाचा? आणि सहा महिन्यांनी एक बाजू उंच वाटली, दुरुस्ती लागली, तर? अनेक ठिकाणी "दुरुस्ती मोफत" याचा अर्थ सर्जनची फी माफ, थिएटर आणि भूलतज्ज्ञ तुमच्या खिशातून. हे उत्तर लेखी घ्या.

छाती आणि पोट एकाच वेळी केलं तर थिएटर आणि भुलेचा खर्च एकदाच लागतो, म्हणून पेशंटला मोह होतो. पण ऑपरेशन जितकं लांबतं तितका पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि शरीर गार पडण्याचा धोका वाढतो. लायपोसक्शनमध्ये पाच लिटरच्या वर काही ओढायचं तर ते मोठं काम धरलं जातं आणि रात्रभर देखरेख लागते. एकत्र करायचं की नाही, हा निर्णय पैशाकडे बघून करू नका.

विमा बहुतेक वेळा सौंदर्याच्या ऑपरेशनला लागू होत नाही. दुखणारी, तपासण्यांनी सिद्ध झालेली ग्लँड असेल तर काही विमा कंपन्या विचार करतात, पण तो ऑपरेशनच्या आधी, लेखी. नंतर बिलं घेऊन भांडणं म्हणजे वेळेचा खेळखंडोबा. कॅन्सरची शंका असेल तर तो आजार आहे, तिथे हिशेब वेगळा.

पैसे कुठे वाचवायचे? मशीनच्या नावात. व्हेझरसारख्या अल्ट्रासाउंड मशीनने चिवट चरबी सैल होते हे खरं, पण घट्ट चकतीसाठी बहुधा छेद घ्यावाच लागतो. माझ्या केसमध्ये त्याने नेमकं काय बदलेल, असं थेट विचारा. भूलतज्ज्ञ आणि सुसज्ज थिएटर इथे मात्र एक पैसाही कमी करू नका. आणि बुडणारी मजुरी हिशेबात धरा. खुर्चीवर काम करणारा आठवड्याभरात परत जातो, ओझी उचलणाऱ्याला चार ते सहा आठवडे घरी बसावं लागतं.

आधीची तयारी, नंतरचे आठवडे

सिगारेट आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद. व्हेपही बंद, निकोटीन तेच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि निपलच्या कडा काळ्या पडू शकतात. मी त्या पाहिल्या आहेत, त्यामुळे "एखादी चालेल ना?" याला माझं उत्तर ठरलेलं आहे. अ‍ॅस्पिरिन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, सगळं डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी सांगितल्याशिवाय स्वतःहून थांबवू नका. पुढून उघडणारे शर्ट काढून ठेवा, टी-शर्ट डोक्यावरून घालणं काही दिवस जमणार नाही.

ऑपरेशनच्या संध्याकाळीच उठून चालायचं. उशा लावून, अर्धवट बसल्यासारखं झोपायचं. ड्रेन असेल तर त्यातलं पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होतं आणि कमी होत जातं, तेव्हा काढतात. काढताना ओढल्यासारखं वाटतं, श्वास सोडा. जॅकेट चार ते सहा आठवडे, सुरुवातीला रात्रंदिवस. आत सुरकुती पडू देऊ नका. कातडीवर त्याच रेघेचा खळगा उमटतो. रोज अंघोळीआधी आरशात पाठमोरं बघून जॅकेटची शिवण सरळ आहे का ते तपासा.

काही गोष्टींत सकाळपर्यंत थांबायचं नाही. एकच बाजू अचानक फुगून टणक झाली आणि दुखणं वाढत गेलं तर आत रक्त साचतंय, तेव्हाच फोन करा. ताप, पसरत जाणारी लाली, घाण वास, तेही कळवा. पोटरी दुखून सुजली, दम लागला किंवा छातीत कळ आली तर फोनवर बोलत बसू नका, इमर्जन्सीत जा.

निळेजांभळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. निपल बधिर असणं किंवा कपडा घासला तरी झिणझिणणं महिनोनमहिने चालू शकतं. तिसऱ्या आठवड्यात आत गुठळ्या लागतात आणि फोन सुरू होतात, "ब्रदर, परत आली का?" परत आलेली नसते, ती भरून येणारी जखम असते. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो, व्रण फिका पडायला वर्ष लागतं. छातीचा व्यायाम सहा आठवड्यांनी, हलक्या वजनाने सुरू करा. दुरुस्तीचा विषयही सहा महिन्यांच्या आत काढू नका. सुजेवर काम केलं तर पुढे तिसऱ्यांदा करावं लागतं. तोवर दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, हात खाली सोडून फोटो काढा आणि तपासणीला जाताना ते सोबत न्या.