इम्प्लांटचे डिजिटल माप घेताना या चुका टाळा

प्रिंट केलेल्या मॉडेलवर चपखल बसलेला क्राउन (कृत्रिम दाताची टोपी) तोंडात डुलू लागला की पहिला संशय तोंडातले माप घेणाऱ्या स्कॅनरवर घेतला जातो. परंतु बहुतेक वेळा खरा दोष इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावर) नीट न बसलेल्या स्कॅन बॉडीचा, म्हणजे इम्प्लांटची जागा व दिशा स्कॅनरला दाखवणाऱ्या तात्पुरत्या तुकड्याचा, असतो. चंदगड किंवा आजऱ्याहून एसटीने कोल्हापूरला आलेल्या रुग्णाला केवळ तेवढ्यासाठी पुन्हा बोलावणे कोणत्याही दवाखान्याला शोभत नाही.

नैसर्गिक दाताभोवती असलेल्या लिगामेंटमुळे (दाताला हाडाशी बांधणाऱ्या लवचिक तंतूंमुळे) तो साधारण 25 ते 100 मायक्रॉन हलू शकतो, तर हाडाला जखडलेला इम्प्लांट जेमतेम 10 मायक्रॉनच हलतो, त्यामुळे मापातील चूक तोंडात जिरत नाही आणि तिचा ताण थेट स्क्रूवर व हाडावर येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला चक आणि जॉब यांच्यामध्ये कीस अडकू देत नाही, तितकीच दक्षता इथे हवी. हीलिंग कॅप (हिरडी भरून येईपर्यंत इम्प्लांटवर लावलेले झाकण) काढल्यानंतर इम्प्लांटचे तोंड सलाइनने धुऊन कोरडे करावे, कडेची हिरडी आत दुमडलेली नाही हे पाहावे आणि स्कॅन बॉडी खाचेत बसेपर्यंत हलकेच फिरवून मगच स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कपर्यंत (पिळण्याच्या जोरापर्यंत) घट्ट करावा. जास्त जोर लावल्यास पीक (PEEK) या प्लास्टिकची स्कॅन बॉडी दबते, आणि वारंवार ऑटोक्लेव्ह करून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून) वापरलेली असल्यास तिच्या कडा झिजतात. खोलवरच्या इम्प्लांटमध्ये डोळ्यांवर विसंबू नये. एक्स-रे अवश्य काढावा, मात्र किरण इम्प्लांटच्या अक्षाला काटकोनात असावेत, कारण तिरप्या एक्स-रेमध्ये असलेली फटही झाकली जाते.

हीलिंग कॅप काढताच हिरडी काही मिनिटांत आत येऊ लागते, त्यामुळे हिरडीचा आकार आणि शेजारच्या दातांचे संपर्कबिंदू आधी स्कॅन करून घ्यावेत, स्कॅन बॉडी नंतर लावावी. उंच स्कॅन बॉडी तोंडात असताना दात पूर्ण मिटत नसतील, तर चाव्याची नोंद ती काढून करावी. लाळ पुसावी, खुर्चीवरचा दिवा बाजूला वळवावा आणि कंपनीने सांगितलेला स्कॅनचा क्रम मध्येच बदलू नये.

लॅबकडे फाइल पाठवताना इम्प्लांटची कंपनी, प्लॅटफॉर्म (इम्प्लांटच्या जोडाचा आकार) आणि स्कॅन बॉडीचे नेमके नाव लिहिणे हे काम क्षुल्लक वाटते, पण ही चूक सर्वांत फसवी आहे: चुकीची लायब्ररी (स्कॅन बॉडीच्या तयार डिजिटल आकारांचा संच) निवडली तरी सॉफ्टवेअर आकार जुळवून दाखवते आणि पडद्यावर काहीही खटकत नाही. फाइल मिळाल्यावर लॅबने फोन करून खात्री केली, तर डॉक्टरांनी त्याचा राग मानू नये.

एक-दोन इम्प्लांटसाठी स्कॅनर पुरेसा विश्वासार्ह आहे. पूर्ण जबडा दातांविना असेल, तर ओळखीच्या खुणा कमी असल्यामुळे तुकडे जोडतानाची बारीक चूक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठत जाते. अशा वेळी फोटोग्रामेट्रीची (फोटोंवरून इम्प्लांटच्या जागा मोजण्याच्या पद्धतीची) सोय नसल्यास लॅबकडून तुकड्यांत कापलेला जिग (इम्प्लांटच्या जागा पडताळण्याचा सांगाडा) मागवून तो तोंडातच पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने) जोडावा आणि त्यावरून मॉडेल तपासल्याखेरीज अंतिम ब्रिजचे काम लॅबला सुरू करू देऊ नये.