सरकारी नोटीस राज्यघटनेच्या कसोटीवर कशी तपासावी

महापालिकेची किंवा राज्य शासनाची नोटीस दारावर लागली की ती योग्य की अन्यायाची, यावर चाळीत वा सोसायटीत चर्चा सुरू होते. घटनात्मक शासनपद्धतीत मात्र त्याआधीचा प्रश्न असा असतो की, हे करण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला कोणत्या कायद्याने दिला. म्हणून नोटिशीत नमूद केलेले कलम प्रथम शोधावे. मुंबई महापालिकेच्या नोटिशीत ते बऱ्याचदा मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधले असते. कलमाचा उल्लेखच नसेल तर तो लेखी मागावा. पैशांची मागणी असेल तर आवर्जून, कारण अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर लावता वा वसूल करता येत नाही. (राज्यघटनेत ‘अनुच्छेद’, अधिनियमात ‘कलम’, अर्जात ही गल्लत टाळावी.) त्यानंतर मूळ कलम वाचून, सही करणाऱ्याकडे तो अधिकार रीतसर सोपवलेला आहे का, हे पाहावे.

अधिकार सापडला, एवढ्याने तपासणी संपत नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा अनुच्छेद १३ नुसार त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो, आणि वैध कायदाही न्याय्य रीतीनेच राबवावा लागतो. याचा दाखला मुंबईतलाच आहे. १९८१ मध्ये पदपथांवरील झोपड्या हटवण्याचे ठरले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथवासीयांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८८८ च्या अधिनियमातील कलम ३१४ आयुक्तांना पूर्वसूचनेविना अतिक्रमण काढण्याची मुभा देते. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात सामावलेला मानला; कलम वैध ठरवले, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे, एरवी सूचना देऊन म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. झोपड्या हटवण्यास मात्र ३१ ऑक्टोबरनंतर, म्हणजे पावसाळा सरल्यावर, परवानगी मिळाली. निकालाचा गौरव करताना हा भाग बहुधा गाळला जातो.

म्हणून नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे, सुनावणी मागावी आणि पोच जपून ठेवावी. अधिनियमात अपिलाची सोय असेल तर आधी ती वापरावी, कारण ती टाळून आलेली याचिका उच्च न्यायालय सहसा ऐकत नाही. त्यापुढचा मार्ग अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करण्याचा: अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात केवळ मूलभूत हक्कांसाठी जाता येते, तर उच्च न्यायालय अन्य कायदेशीर हक्कांसाठीही आदेश देऊ शकते.