बंद केलेली मोटर परत चालू का झाली? मोबाईल मिडलवेअरमधल्या या चुका टाळा

औसा तालुक्यातल्या एका विहिरीवर आम्ही मोटरला कंट्रोलर बसवला. मोबाईलवर बटण दाबलं की मधलं सॉफ्टवेअर, म्हणजे मिडलवेअर, हुकूम कंट्रोलरला पोचवतं आणि मोटर चालू. ऑफिसच्या वायफायवर झकास चाललं. शिवारात दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन: "ओ, मी हातानं बंद केलेली मोटर आपल्याआपण चालू झाली की!"

झालं असं की बांधावर रेंज नव्हती. काकांनी 'चालू' चार वेळा दाबलं, मग वैतागून विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबला. भिजवण झाल्यावर बंद करून घराकडे निघाले. वाटेत रेंज आली आणि ॲपच्या रांगेत साठलेले चारही हुकूम सुटले. आम्ही रेंज जाणं म्हणजे बिघाड धरला होता. शिवारात तो रोजचाच कारभार. एमक्यूटीटी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना छोटे मेसेज पाठवायची पद्धत, १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनसाठी, सॅटेलाइटच्या महागड्या लिंकवर चालावं म्हणूनच तर बनलं!

तेव्हा प्रत्येक हुकमाला मुदत द्या. दोन मिनिटांत पोचला नाही तर तो रद्द, आणि तसं काकांना स्क्रीनवर दिसू द्या. एमक्यूटीटी ५ मध्ये मेसेजला मुदत देता येते, पण ती मेसेज ब्रोकरकडे, म्हणजे मेसेज इकडून तिकडे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, पोचल्यावर लागू होते. ॲपमधली रांग तुम्हालाच तपासावी लागते. शिवाय प्रत्येक हुकमाला वेगळा नंबर हवा, कारण क्यूओएस १ मध्ये, म्हणजे 'निदान एकदा तरी पोचव' या पातळीवर, तोच मेसेज दोनदा येऊ शकतो. बटणामागे 'स्थिती उलटी कर' असा हुकूम तर कधीच ठेवू नका.

इथे आमची आणखी एक फजिती झाली. लाईट जाऊन आली की कंट्रोलरचं घड्याळ थेट १९७० सालात. त्याच्या हिशेबाने कुठल्याच हुकमाची मुदत संपलेली नसते! आधी सर्व्हरकडून वेळ घ्यायची, मगच हुकूम ऐकायचे.

लाईट आली की एका फीडरवरचे सगळे कंट्रोलर एकदमच ब्रोकरवर तुटून पडतात. प्रत्येकाला कमीजास्त सेकंद थांबायला लावा.

'ऑनलाइन'च्या हिरव्या टिकलीवरही भरवसा नको. कीप-अलाइव्ह, म्हणजे कंट्रोलरने 'मी आहे' असं कळवायची मुदत, ६० सेकंद असेल तर ब्रोकर त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट बघतो; तोवर टिकली हिरवीच. 'शेवटचा संपर्क ६:४२' असं लिहिलेलं काकांना जास्त पटतं.

आणि दोन कंट्रोलर आळीपाळीने जोडले-तुटले जात असतील तर टॉवरला शिव्या देण्याआधी क्लायंट आयडी, म्हणजे ब्रोकरकडची प्रत्येकाची ओळख, बघा. दोघांचा एकच असला की ब्रोकर नव्याला घेतो, जुन्याला हाकलतो. आम्ही फर्मवेअरची, म्हणजे कंट्रोलरमधल्या प्रोग्रॅमची, कॉपी मारताना आयडी बदलायलाच विसरलो होतो.