या चुका टाळा: प्रबंध जमा करण्याआधी मूळ पान उघडा

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की ग्रंथालयाच्या काउंटरवर ठरलेलं दृश्य दिसतं. हातात पेनड्राइव्ह, डोळ्यांत चार रात्रींचं जागरण आणि ओठांवर एकच प्रश्न: "सर, किती टक्के आलं?" वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला इतरांच्या मजकुराशी दिसलेलं साम्य दहा टक्क्यांच्या आत असलं की लगेच पेढ्यांची भाषा सुरू होते. पण सहा टक्के साम्य असलेल्या प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण हवेत उभं असल्याचं मी पाहिलंय, आणि अठरा टक्केवाला प्रामाणिक प्रबंधही पाहिलाय. शिक्षणशास्त्र, कायदा, संगणक, जीवशास्त्र अशा सगळ्या शाखांची मुलं या एकाच काउंटरवर येतात, म्हणून एक गोष्ट लक्षात आली. चुकांची नावं शाखेप्रमाणे बदलतात, पण मूळ दुखणं बहुतेक वेळा एकच असतं: कुणीतरी कुठेतरी मूळ वस्तू न बघता पुढे गेलेलं असतं.

न वाचलेला संदर्भ

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. पालकात लोह भरपूर असतं हा समज एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संशोधनात काटेकोरपणा किती महत्त्वाचा, हे सांगण्यासाठी ती हमखास वापरली जाते. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात ती आली आणि तिथून सगळीकडे गेली. त्या लेखात या गोष्टीला आधार दिलेला नव्हता. २०१० मध्ये माइक सटन या अभ्यासकाने धागा मागेमागे नेला, तर दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावाच सापडेना. म्हणजे निष्काळजीपणाविरुद्ध सांगितली जाणारी गोष्टच निष्काळजीपणे पसरलेली.

आपल्याकडे शिक्षणशास्त्रात याचा सख्खा भाऊ आहे. "वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं." बी.एड., एम.एड.च्या किती प्रबंधिकांत हा त्रिकोण एडगर डेल यांच्या नावावर छापलेला मी पाहिला, त्याची गणती नाही. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. अशा गोलगोल, दहादहाने चढणाऱ्या संख्या खऱ्या मोजमापातून येतात का, एवढा साधा प्रश्न मार्गदर्शकालाही पडू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

त्याहून मजेशीर प्रकार एका भुताचा. एल्सव्हियर या प्रकाशनाने लेखकांना संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक नमुना दिला होता: व्हॅन डर गीर आणि सहकारी, २०००, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेविषयीचा निबंध. असा निबंध कधी लिहिलाच गेला नाही. तरी शेकडो शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत तो मानाने बसलेला अ‍ॅन-विल हार्झिंग आणि पीटर क्रोनेनबर्ग यांना आढळला. काही लेखकांनी नमुन्याची ओळ खोडली नाही, काहींनी बहुधा दुसऱ्याच्या यादीतून उचलली.

आता हे काम यंत्र जास्त झपाट्याने करतं. चॅटजीपीटीकडे दहा संदर्भ मागा. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष शक्य कोटीतलं, आणि तो निबंध मात्र अस्तित्वातच नाही, असा संदर्भ त्यात निघू शकतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी अशाच बनावट खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चोख आहे. संदर्भसूचीची प्रिंट काढा आणि प्रत्येक नोंदीपुढे पेनाने खूण करा: पूर्ण वाचलं, सारांश वाचला, दुसऱ्याच्या लेखात पाहिलं. तिसऱ्या खुणेच्या नोंदी मूळ लेखाच्या नावाने देऊ नका. एकतर मूळ मिळवा, नाहीतर "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही. डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, क्रॉसरेफ या नोंदणी-संकेतस्थळाच्या शोधखिडकीत टाकून शीर्षक जुळतं का बघा. त्याच बैठकीत मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीतही डोकावा. ती आता मोफत पाहता येते. मागे घेतलेला निबंध आधार म्हणून वापरला आणि बाह्य परीक्षकाने तो पकडला, तर मौखिकीत, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बोलायला जागा उरत नाही. "सर, मूळ निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाही" ही सबब २०२५ पासून बरीच दुबळी झाली आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली आहेत. तुमचं महाविद्यालय त्यात आहे का, हे आमच्यासारख्या ग्रंथपालाला विचारा. नसेल तर लेखकाला ईमेल करा. बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात.

जादूचा आकडा ३८४

सर्वेक्षणाचा प्रबंध उघडला की नमुना किती? ३८४. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला. लोकसंख्या एक लाख असो की दहा लाख, तक्ता ३८४ च सांगतो. पण तो तक्ता गृहीत धरतो की लोक यादृच्छिक पद्धतीने निवडले आहेत, म्हणजे समूहातल्या प्रत्येकाला निवड होण्याची सारखी संधी होती. तुम्ही गूगल फॉर्मची लिंक ओळखीच्या शिक्षकांच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली असेल, तर ३८४ काय आणि ३,८४० काय, नमुना एकाच बाजूला कललेला राहणार. ज्याला वेळ आहे, ज्याला विषयात रस आहे, ज्याला तुमचं मन मोडवत नाही, त्यानेच फॉर्म भरलेला असतो.

फॉर्म भरून झाल्यावर हे लक्षात आलं तर? आकडे फेकू नका. पद्धतीच्या प्रकरणात "सोयीचा नमुना" असं खरं नाव लिहा, तक्त्याचा दाखला काढून टाका आणि निष्कर्षातलं "महाराष्ट्रातील शिक्षक" हे शब्द "प्रतिसाद देणारे शिक्षक" असे करा. शीर्षकात जिल्ह्याचं नाव असेल तर तेही तपासा. विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीने (आरआरसी) मंजूर केलेलं शीर्षक बदलायला अर्ज करावा लागतो, म्हणून हे लवकर करा.

आणखी एक खोड. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर स्वतःच करायचं आणि विश्वासार्हतेचा आकडा मात्र मूळ इंग्रजी प्रश्नावलीचा छापायचा. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रश्नांशेजारी ठेवून बघा. अर्थ कुठे घसरला, ते तिथेच दिसतं.

एक्सेल गुपचूप काय करतं

वयोगटाच्या रकान्यात "५-१०" टाइप करा, एक्सेल त्याची ५ ऑक्टोबर करतं. "१०-१२" चा १० डिसेंबर. गावाच्या कोडमधली सुरुवातीची शून्यं गळून पडतात. या चुकीने नामवंत प्रयोगशाळांनाही सोडलं नाही. सेप्ट२, मार्च१ अशा नावांची जनुकं एक्सेलमध्ये तारखा बनत होती. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली.

रकाना आधी "टेक्स्ट" करा, मग टाइप करा. आधीच बिघडलं असेल तर रकाना नंतर टेक्स्ट करून भागत नाही, कारण आत तारखेचा क्रमांक बसलेला असतो. मूळ फॉर्मवरूनच पुन्हा भरा.

सूत्राची कक्षा, म्हणजे सूत्र कोणत्या ओळींपर्यंत चालतं ती हद्द, हा दुसरा सापळा. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकास उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये लिहिलं आणि अनेक देशांत काटकसरीच्या बाजूने त्याचे दाखले दिले गेले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून ते गणित पुन्हा करायला बसला. ते जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली. सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते, शिवाय काही वर्षं वगळली होती आणि देशांना भार देण्याची पद्धतही वादग्रस्त होती. सगळं दुरुस्त केल्यावर आकडा आला अधिक २.२ टक्के. जमा करण्याआधी तुमची फाइल एका मित्राला द्या आणि एकच तक्ता त्याला नव्याने काढायला सांगा. चहा तुमच्याकडून.

९८ टक्के अचूकतेचा आनंद

संगणक शाखेची मुलं हा आकडा फार प्रेमाने सांगतात. डाळिंबाच्या पानावरचा तेल्या रोग ओळखणारं मॉडेल, अचूकता ९८ टक्के. फोटो कसे काढले? एकेका पानाचे दहा-बारा, मोबाइलवर, एका दमात. मग सगळे एकत्र ढवळून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के तपासायला. म्हणजे परीक्षेतलं पान मॉडेलने आधीच पाहिलेलं! फोटो फिरवून, उलटवून संख्या वाढवली असेल आणि विभागणी त्यानंतर केली असेल, तर पाणी आणखीच मुरतं.

कोविडच्या काळात छातीच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून निदान करणाऱ्या मॉडेल्सचा पूर आला होता. २०२१ मध्ये अशा ६२ निबंधांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा दवाखान्यात वापरण्याजोगं त्यात एकही निघालं नाही. काहींनी कोविड नसलेल्यांचे एक्स-रे म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घेतले होते. अशा मांडणीत मॉडेल आजाराऐवजी वय ओळखायला शिकण्याचा धोका उघड आहे.

विभागणी फोटोची करू नका. झाडाची करा, रुग्णाची करा, जमलं तर शेताची करा, आणि तीही सगळ्यात आधी. मग ९८ चे ८१ होतील. परीक्षकाला ८१ जास्त पटतात.

कायदा: जिवंत आहे का ते बघा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीच्या कलम ४२० ची जागा आता ३१८(४) आहे. पण "सगळीकडे फाइंड-रिप्लेस" करणारे इथे फसतात, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनंच कलम लागतं. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, तरी काही प्रबंधांत ते अजून धडधाकट आहे. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवणारा २०१३ चा कौशल निकाल २०१८ च्या नवतेज जोहर निकालाने पुसला गेला.

निकालाच्या सुरुवातीला छापलेली शीर्षटीप हा निकाल नसतो, ती संपादकाने लिहिलेली असते. ती उद्धृत करू नका. परिच्छेदाचा क्रमांक द्या. आणि वाक्य कोणत्या न्यायमूर्तींचं आहे ते बघा. आणीबाणीतल्या अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, या जबलपूर प्रकरणातलं न्या. खन्ना यांचं मत कितीही तेजस्वी असलं, तरी १९७६ साली ते अल्पमत होतं.

टक्क्यांचा खेळ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाण सूत्रं हे मोजायचं नसतं. म्हणून अहवाल आला की आधी गाळण्या नीट लावल्यात का विचारा. कधीकधी निम्मं काम तिथेच होतं.

मराठी प्रबंधांची गंमत वेगळीच. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि साम्य येतं शून्य. हे शून्य पाहून खूश होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात गेलेला प्रबंध पुढे कुणीही युनिकोडमध्ये उतरवून तपासू शकतो. इंग्रजी लेख मराठीत आणून स्वतःच्या नावाने घालणं हेही वाङ्मयचौर्यच. शब्द बदलून टक्के उतरवण्यापेक्षा परिच्छेद बंद करा, दुसऱ्या दिवशी आठवणीतून लिहा आणि संदर्भ द्या.

छापून आलं, पण कुठे?

"चार दिवसांत समीक्षण, आयएसएसएनसह, प्रमाणपत्र मोफत." असा मेसेज आला की फोन बाजूला ठेवा. आयएसएसएन हा फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. २०१३ मध्ये 'सायन्स'चे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका असलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला. यूजीसीने २०१८ मध्ये स्वतःच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नावं काढली, पुढे केअर ही नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर केलं. आता पारख तुमची तुम्ही करायची. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा आणि मागच्या अंकातला एक निबंध खरोखर वाचा. तेवढ्यानेही बरंच कळतं. २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची यूजीसीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची अट आहे का, हे परिपत्रक मागून बघा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

निबंध पाठवून बसला असाल तर लेखी ईमेलने मागे घ्या, हक्क हस्तांतरणाच्या कागदावर सही करू नका, मागे घेण्याची "फी" मागितली तर देऊ नका. छापूनच आला असेल तर तोच निबंध दुसरीकडे पाठवू नका. ती दुसरी चूक पहिलीपेक्षा महागात पडते. प्रबंधात तो कुठे छापला गेला होता हे नमूद करा.

आणि प्रबंध जमा केल्यावर चूक सापडली, तर मार्गदर्शकाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि एका पानाचं शुद्धिपत्र करा: पान, ओळ, होतं काय, हवं काय. मागच्या वर्षी एक मुलगी असं पान घेऊनच मौखिकीला गेली. तक्ता ४.७ मध्ये दोन रकाने अदलाबदल झाले होते. परीक्षकांनी पान वाचलं, घडी करून प्रबंधात ठेवलं आणि पुढचा प्रश्न थेट पाचव्या प्रकरणावर विचारला.