लग्नाच्या मिस्साला गाणी निवडताना

लग्नसराई आली की वसईत माझा फोन गाण्यांच्या लिंकांनी भरतो. "मावशी, एवढं एकच घ्या ना, ती आत येताना." पंचवीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवतेय, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी जागा मोजा. मिस्सात, म्हणजे आपल्या कॅथलिक उपासनाविधीत, घरच्यांना निवड असते ती मुख्यतः चार ठिकाणी: प्रवेश, अर्पण, ख्रिस्तप्रसाद आणि शेवट. 'पवित्र, पवित्र, पवित्र' आणि 'देवाच्या कोकरा' हे मिस्साचेच शब्द आहेत, त्यांच्या जागी दुसरं गाणं बसत नाही. वाचनानंतरचं स्तोत्रही बायबलमधलंच. उरलेल्या चारांत निदान दोन गाणी लोकांना पाठ असलेली घ्या. नाहीतर तीनशे माणसं मुकी उभी राहतात आणि आम्ही आठजणच गात बसतो.

मग चालीची परीक्षा. शब्द बाजूला ठेवायचे, पेटीवर नुसती चाल वाजवायची आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर काय येतं ते बघायचं. मागे एका नवऱ्या मुलाच्या भावाने सिनेमाच्या चालीवर प्रभूचं गाणं बसवून आणलं. शब्द चांगले होते, मेहनतही घेतली होती. मी मुखडा वाजवला मात्र, मागे मेणबत्त्यांचे स्टँड पुसणाऱ्या वेदीसेवक पोरांनी शिटीवर मूळ गाणं उचललं, थेट अंतऱ्यापर्यंत. भाऊ स्वतःच हसला आणि कागद घडी करून खिशात टाकला.

यावर शिकलेली मुलं वाद घालतात, की चर्चनेही बाहेरच्या चाली घेतल्याच ना? घेतल्या, भरपूर घेतल्या. 'लोम आर्मे', म्हणजे शस्त्रधारी माणूस, या फ्रेंच गाण्यावर पंधराव्या-सोळाव्या शतकात चाळीसवर मिस्सा, म्हणजे मिस्साच्या ठरलेल्या शब्दांना दिलेलं संगीत, रचले गेले. द्युफाई या संगीतकाराने तर स्वतःच्याच प्रेमगीतावर मिस्सा बांधला. पण हे लोक मूळ चाल एका आवाजात लांबच लांब सुरांत ताणत आणि भोवती बाकीचे आवाज विणत. नव्या शब्दांचं झाकण लावून तीच चाल वाढायची, असा प्रकार नव्हता. तरीही कुरबुर झालीच. १५६२ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने बजावलं, की ऑर्गनमध्ये किंवा गाण्यात कामुक, अपवित्र काही मिसळलेलं असेल तर ते चर्चबाहेर ठेवा. पॅलेस्ट्रीना या संगीतकाराने त्यानंतरही 'लोम आर्मे' घेतलंच. १५७० साली नावासकट, आणि १५८२ साली नुसतं 'चौथा मिस्सा' म्हणून. हे वाचलं तेव्हा मला त्या भावाने खिशात लपवलेला कागद आठवला.

उलट उदाहरणही आहे. गुड फ्रायडेला इंग्रजीत 'ओ सेक्रेड हेड' गातात, त्याची चाल हान्स लिओ हास्लरच्या १६०१ च्या प्रेमगीताची. ती आधी प्रोटेस्टंटांनी घेतली, मग आपल्याकडे आली. आज ती ऐकून कुणाला प्रेयसी आठवत नाही, काट्यांचा मुकुट आठवतो. चाल जुनं सगळं विसरली की माझी हरकत नाही. तुमच्या सिनेमाच्या गाण्याला अजून दोनशे वर्षं द्या.

आता लग्नातले दोन हुकमी मार्च. वाग्नरचा 'हिअर कम्स द ब्राइड' हा १८५० च्या 'लोहेनग्रिन' ऑपेरातला. त्यात नवरा-नवरीला शयनगृहात पोचवताना तो गातात आणि त्याच रात्री ते लग्न मोडतं. मेंडेल्सोनचा मार्च शेक्सपिअरच्या नाटकासाठी लिहिलेला, ज्यात परीराणी गाढवाचं डोकं लावलेल्या विणकरावर भाळते. शुबर्टचं 'आवे मारिया'सुद्धा मुळात स्कॉटच्या काव्यातलं एका मुलीचं गाणं, लॅटिन प्रार्थना त्यावर नंतर बसवली. हे निदान मरियेला उद्देशून आहे, म्हणून मी ते अडवत नाही. मार्च मात्र टाळते.

पोप दहाव्या पायसने २२ नोव्हेंबर १९०३ ला, संत सिसिलियाच्या सणादिवशी, नाटकी संगीत चर्चमधून हाकललं. पियानो आणि ढोलही बंद केले. बॅन्डला आत मज्जाव, बाहेर मिरवणुकीत बिशपांच्या परवानगीने चालेल, असंही लिहिलं. आपल्या वसईच्या बॅन्डवाल्यांना हा नियम कुणी वाचून दाखवला नसेल, पण दाराशी आले की ते आपोआप थांबतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ग्रेगरियन गायनाचा, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन एकसुरी गायनाचा, मान पहिला ठेवला, आणि शिवाय मिशनच्या देशांतल्या लोकांचं स्वतःचं संगीतही जवळ केलं. तबला आत आला तो त्यामुळे. ओवी तर फादर स्टीफन्सनी १६१६ मध्येच 'ख्रिस्तपुराणा'त आणली होती. तेव्हा ओवीच्या चालीवर प्रवेशगीत हवं असेल तर जरूर सांगा, मी बसवून देईन.

तुमचं आवडतं गाणं टाकून देऊ नका. ते हॉलवर, केक कापताना वाजवा. रजिस्टरवर सह्या चालू असताना हळूच घुसवायचा प्रयत्न करू नका, मला कळतं.

यादी महिनाभर आधी फादरांना दाखवा. कीबोर्डवाला बाहेरचा आणणार असाल तर त्याला आधीच सांगून ठेवा: फादर भाकर-द्राक्षारसावरची मोठी प्रार्थना म्हणत असताना मागे मंद सूर धरून ठेवायचा नाही. बोटं उचलायची.