बर्बर गालिचा: आधी उलटा करा, मग भाव विचारा

दुकानात 'बर्बर कार्पेट' मागितलं की पुष्कळदा समोर येतो तो यंत्रावर विणलेला, आखूड फासांचा नायलॉनचा रोल. त्यात बर्बर फक्त नाव. खरा बर्बर गालिचा मोरोक्कोतल्या अ‍ॅटलास डोंगरातल्या अमाझिघ, म्हणजेच बर्बर, बायका उभ्या मागावर हाताने विणतात, आणि तो ओळखायचा पाठीवरून.

गालिचा उलटा करा. गाठींचा गालिचा असेल तर पाठीवर प्रत्येक गाठ दिसली पाहिजे, पुढची नक्षीही मागे ओळखू आली पाहिजे. ओळी जरा वाकड्या, रुंदी इकडे-तिकडे दोन बोटं कमीजास्त असेल तर ती हाताची खूण, दोष नव्हे. पाठीवर कापड डिंकाने चिकटवलेलं असेल तर गाठी मारलेल्याच नाहीत, लोकर पिस्तुलासारख्या यंत्राने नुसती टोचलेली आहे. खान्देशच्या उन्हाळ्यात हा रबरी डिंक वाळतो, काही वर्षांत त्याची पूड फरशीवर पडू लागते आणि लोकरीचे पुंजके हातात येतात.

मग दशा बघा. दशा म्हणजे ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांची, लोंबती टोकं; वेगळी शिवलेली झालर दिसली तर संशय घ्या. एका टोकाला दशा आणि दुसऱ्या टोकाला नुसता काठ असेल तर मात्र घाबरू नका, तशी विणायची रीतच आहे. शेवटी दुकानदाराला विचारून एक सुटा धागा जाळा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ती स्वतःहून विझते, राख चिमटीत चुरते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. 'निवडुंगाचं रेशीम' म्हणून जे विकतात ते कागदासारखं भुरभुर जळतं, कारण ते बहुधा रेयॉन, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासूनचा धागा, असतं. त्याला लोकरीचा किंवा रेशमाचा भाव देऊ नका.

प्रकार ओळखणं अवघड नाही. बेनी वरैन मध्य अ‍ॅटलासचा: पांढऱ्या लोकरीवर काळ्या-तपकिरी रेघांचे शंकरपाळे, लव (वर उभी राहणारी लोकर) लांब. गाठींच्या दोन रांगांमध्ये बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, बऱ्याच ओळी असतात, म्हणून तो जाड असूनही अंगावर मऊ बसतो. डोंगरातल्या थंडीत तो अंथरायचा-पांघरायचाच होता. अझिलाल गालिच्याचा मूळ रंगही बहुधा पांढरा, पण वर रंगीत, मुक्त आकृत्या. बुजाद लाल, गुलाबी, नारिंगी. ताझनाख्तच्या बाजूला एकाच तुकड्यात गाठींची लव आणि सपाट वीण दोन्ही सापडतात. हनबल पूर्ण सपाट, आपल्या घोंगडीसारखा बिनलवेचा. आणि बुशरवीत म्हणजे जुन्या कपड्यांच्या चिंध्या गाठवून केलेला. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तिकडे चिंध्यांचा गालिचा विणतात. काटकसरीतून इतकी देखणी वस्तू क्वचितच निघते. त्यात सुती, लोकरी, नायलॉन सगळं मिसळलेलं असतं, म्हणून धुताना तोच सर्वांत बेभरवशाचा.

आपल्या घरांसाठी, खरं सांगायचं तर, हनबल किंवा आखूड लवेचा घ्यावा. काळ्या मातीची बारीक धूळ लांब लवेच्या बुडाशी जाऊन बसते आणि पावलागणिक गाठी कातरत राहते. जाड बेनी वरैन घ्यायचाच तर वर्दळ नसलेल्या खोलीत, पलंगाशेजारी टाका.

आठवड्यातून एकदा नुसत्या ओढीचा व्हॅक्यूम लवेच्या दिशेने फिरवा. फिरता ब्रश लावला तर लव उपटली जाते. महिन्यातून एकदा पालथा टाकून पाठीवर तळहाताने थोपटा. खाली पडलेली धूळ बघितल्यावर पुढच्या महिन्यात आठवण करून द्यावी लागत नाही.

धुण्याआधी ओलं पांढरं फडकं लाल रंगावर दोन मिनिटं दाबून धरा. रंग लागला तर घरी धुऊ नका. नाही लागला, आणि तुकडा लहान व सपाट विणीचा असेल, तर 100 ग्रॅम रिठे 5 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि थंडच वापरा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर लोकरीवर बसतो, रिठ्याचा बसत नाही. पिळू नका, घासू नका; गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकर आटून नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला थर, होते. टॉवेलात गुंडाळून पाणी काढा, सावलीत आडवा वाळवा. लांब लवेचा गालिचा घरी भिजवूच नका. बूड चार दिवस ओलं राहतं आणि कुबट वास धरतं.

वैशाखात गच्चीवर उन्हाला टाकायचा मोह आवरा. त्या उन्हाने रंग उडतो, लोकर ठिसूळ होते. फाल्गुनात सकाळचा तासभर पुरे, तोही पालथा.

पावसाळ्यात ओल चढणाऱ्या फरशीवरून उचला. घडी घालू नका, पूर्ण वाळलेला गालिचा लव बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा आणि धुतलेल्या सुती लुगड्यात बांधा. प्लास्टिकमध्ये दमट हवा अडकते. कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, अंधारात, न हलवलेल्या जागी वाढते, म्हणून महिन्यातून एकदा उलगडून बघा. दिवाणाखाली गेलेला कोपरा आधी तपासा. लहान तुकड्याला कसर लागलीच तर पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर साचेल, लोकरीवर नाही.